आयोगाचा काटा कोण तपासतो?

जिनिव्हातल्या एका संस्थेच्या उपसमितीनं मार्च २०२५ च्या बैठकीत भारताच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचा दर्जा 'ए'वरून 'बी'वर आणावा, अशी शिफारस केली. बातमी आली, थोडी चर्चा झाली आणि मागे पडली. सीमाभागात मात्र काही जणांच्या मनात ती राहिली. पोलीस ठाण्यातली मारहाण, ऊसतोड टोळीचा अडवलेला हिशेब, आखातात मालकानं पासपोर्ट काढून घेतलेला मुलगा अशा तक्रारी घेऊन इथली माणसं आधी तहसीलदाराकडे जातात, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून 'दिल्लीच्या मानवाधिकाराला' अर्ज करतात. त्यांचं विचारणं सरळ होतं. दिल्लीच्या आयोगाचाच दर्जा घसरणार असेल तर आमच्या अर्जाचं काय? आणि हा दर्जा ठरवणारे बाहेरचे लोक कोण?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं समजायला जगभरातले मानवाधिकार आयोग एकमेकांशी कसे बांधलेले आहेत हे आधी पाहावं लागतं. विषय जिनिव्हाचा वाटतो, पण निपाणी, खानापूर, चिकोडीच्या माणसाला तो इतरांपेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं. हद्द ओलांडली की तक्रार कुठे करायची, हा प्रश्न आपल्याकडे रोजचा आहे.

आयोग म्हणजे कोर्ट नव्हे

राष्ट्रीय मानवाधिकार संस्था म्हणजे सरकारनंच कायदा करून उभी केलेली, पण सरकारवरच लक्ष ठेवण्यासाठी असलेली संस्था. ती स्वयंसेवी संस्था नाही आणि न्यायालयही नाही. भारतात ती राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रूपात १२ ऑक्टोबर १९९३ रोजी अस्तित्वात आली. माजी सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र तिचे पहिले अध्यक्ष. ज्या मानवाधिकार संरक्षण कायद्याखाली ती चालते, त्याच कायद्याखाली राज्यांचे आयोग आले. कर्नाटकाचा बेंगळुरूत आहे, महाराष्ट्राचा मुंबईत, गोव्याचा पणजीत.

चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. तो समन्स काढू शकतो, कागद मागवू शकतो, शपथेवर साक्ष घेऊ शकतो. चौकशी संपली की मात्र तो हुकूम देत नाही, शिफारस करतो. पीडिताला भरपाई द्या, दोषी अधिकाऱ्यावर खटला भरा, तातडीची मदत द्या, अशी ती शिफारस असते. सरकारनं काय केलं ते एका महिन्यात कळवावं असं कायदा सांगतो. शिफारस मानलीच पाहिजे असं तो सांगत नाही. लष्कराविरुद्धच्या तक्रारीत तर आयोग स्वतः चौकशीही करू शकत नाही. केंद्र सरकारकडून अहवाल मागवायचा आणि त्यावर शिफारस करायची, एवढंच त्याच्या हाती असतं.

"मग अशा आयोगाचा उपयोग काय?" हा आक्षेप मी गावोगाव ऐकतो आणि त्यातली चीड मला समजते. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कोठडीत माणूस दगावला तर २४ तासांच्या आत आयोगाला कळवलं पाहिजे, हा दंडक आयोगानं डिसेंबर १९९३ मध्येच घातला आणि तो आजही चालू आहे. त्याआधी असा मृत्यू ठाण्याच्या डायरीतच राहू शकत होता. दुसरी गोष्ट वेठबिगारीची. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची अंमलबजावणी नीट होते का, यावर देखरेख ठेवायचं काम सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये याच आयोगावर सोपवलं. ऊसपट्ट्यातल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

तेव्हा आयोगाची ताकद दंडुक्यात नाही, त्याच्या शब्दाला असलेल्या वजनात आहे. आयोग सरकारच्या बाजूनं झुकत नाही असा विश्वास असेल तर त्याची शिफारस धुडकावणं सरकारला जड जातं. विश्वास गेला की शिफारशीचा नुसता कागद उरतो. दर्जाचा सगळा प्रश्न या वजनाचा आहे.

बेळगावातला अर्ज नेमका कुठे जातो

समजा, बीडकडचा एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाची उचल घेऊन अथणी किंवा चिकोडीकडच्या एखाद्या कारखान्याला ऊस तोडायला आली. हंगाम संपला. हिशेबात उचल फिटली नाही म्हणून मुकादम त्यांना हलू देत नाही, बैल नाहीतर भांडीकुंडी अडवून ठेवतो. ही नुसती पैशाची बाब राहत नाही. कर्जाच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणं ही वेठबिगारी आहे.

तक्रार कोणाकडे करायची? माणसं महाराष्ट्रातली, घटना कर्नाटकात घडलेली. मुंबईचा आयोग अथणीच्या तहसीलदाराला जाब विचारू शकत नाही, आणि बेंगळुरूचा आयोग बीडमध्ये उचल कुणी दिली ते शोधू शकत नाही. अशा वेळी दिल्लीचा आयोग कामी येतो, कारण त्याला दोन्ही राज्ये सारखीच.

अर्जाला फी नाही, वकील लागत नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत अर्ज चालतो, म्हणजे मराठीत चालतो. साध्या पोस्टानं पाठवा नाहीतर आयोगाच्या पोर्टलवर भरा. पोर्टलवर पीडिताचं नाव, जिल्हा, घटनेची तारीख, कोणत्या अधिकाऱ्यानं काय केलं किंवा काय करायचं टाळलं, आणि हाच विषय न्यायालयात किंवा राज्य आयोगापुढे चालू आहे का, हे विचारतात. शेवटचा रकाना मन लावून भरायचा असतो. राज्य आयोगापुढे विषय आधीच असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालू शकत नाही. लोक घाईघाईत दोन्हीकडे अर्ज टाकतात आणि त्या दुहेरीपणातच वेळ जातो. घटनेला वर्ष उलटलं असेल तरी आयोग चौकशी करत नाही.

नोंद झाली की प्रकरणाला क्रमांक मिळतो. त्यात तिरप्या रेघांमध्ये राज्याचा आकडा असतो. कर्नाटकाचा १०, महाराष्ट्राचा १३. घटना जिथं घडली त्या राज्याचा आकडा पडतो, माणूस कुठला ते त्यात दिसत नाही. बीडच्या जोडीचा अर्ज १० मध्ये जातो. खानापूरचा गडी चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला गेला आणि तिथं त्याच्यावर अन्याय झाला, तर त्याचा अर्ज गोव्याच्या खात्यात.

दोन राज्यांच्या वर दिल्ली आहे. दोन देशांच्या वर कोण?

आता हाच गडी गोव्याऐवजी आखातात गेला असं धरा. मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला, पगार चार महिने नाही. राहण्याच्या खोलीत क्षमतेच्या दुप्पट माणसं. दिल्लीच्या आयोगाला त्या देशात काडीचाही अधिकार नाही. तो परराष्ट्र मंत्रालयाला विचारू शकतो, दूतावासाकडून अहवाल मागवू शकतो, त्यापुढे नाही. दोन देशांच्या आयोगांवर बसलेला तिसरा, मोठा आयोग जगात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समित्या आहेत, पण त्या एकेका कामगाराची खोली तपासायला जात नाहीत.

म्हणून आयोगांनी आडवा मार्ग काढला. वरून हुकूम येणार नसेल तर शेजारच्या आयोगाशीच थेट बांधून घ्यायचं. नेपाळ आणि कतारच्या आयोगांनी स्थलांतरित कामगारांसाठी असा सहकार्याचा करार केला. काठमांडूला आलेली तक्रार दोहाच्या आयोगाकडे द्यायची, आणि तिथल्या आयोगानं आपल्या देशाच्या कायद्यानं मिळालेले अधिकार वापरून ती तडीस न्यायची, ही त्यामागची कल्पना. नेपाळी अधिकारी कतारच्या भूमीवर चौकशी करत नाही. सार्वभौमत्वाला धक्का न लावता तक्रार मात्र हद्द ओलांडते.

यात एक अट आहे. पलीकडचा आयोग खरा हवा. कतारच्या आयोगाला 'ए' दर्जा आहे. ओमान आणि बहरीनच्या आयोगांना 'बी'. सौदी अरेबियाच्या आयोगाला या पद्धतीतला कुठलाच दर्जा नाही. आपल्या मुलाची तक्रार कुठे पाठवण्यात अर्थ आहे हे कळायला दर्जा असा उपयोगी पडतो.

दर्जा ठरतो कसा

ऑक्टोबर १९९१ मध्ये अनेक देशांच्या अशा संस्थांचे प्रतिनिधी पॅरिसमध्ये जमले आणि खरा आयोग कशाला म्हणावं याच्या किमान अटी त्यांनी लिहून काढल्या. यांनाच पॅरिस तत्त्वे म्हणतात. आयोग कायद्यानं किंवा घटनेनं स्थापन झालेला हवा. त्याचं कार्यक्षेत्र रुंद हवं. सरकारपासून तो स्वतंत्र हवा, त्याच्याकडे स्वतःचा पैसा आणि स्वतःची माणसं हवीत. आणि समाजातले वेगवेगळे थर त्यात दिसले पाहिजेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ही तत्त्वे २० डिसेंबर १९९३ रोजी मान्य केली. आपला आयोग त्याच्या दोनच महिने आधी जन्मला होता.

१९९३ मध्येच या संस्थांनी आपली जागतिक समन्वय समिती स्थापली. २०१६ पासून तिचं नाव राष्ट्रीय मानवाधिकार संस्थांची जागतिक आघाडी असं आहे. तिचं ठाणं जिनिव्हात. तिच्या मानांकन उपसमितीत चारच सदस्य असतात. आफ्रिका, अमेरिका, युरोप आणि आशिया-पॅसिफिक या चार विभागांतून 'ए' दर्जाचा एकेक आयोग. दर पाच वर्षांनी 'ए' दर्जाच्या प्रत्येक आयोगाची तपासणी होते. तत्त्वे पुरती पाळली तर 'ए', अर्धवट पाळली तर 'बी'. आज 'ए' दर्जाचे आयोग नव्वदच्या आसपास आहेत.

ऊस उत्पादकाला ही व्यवस्था वजनकाट्यावरून चटकन कळेल. कारखान्याच्या काट्यावर शेतकऱ्याचा संशय असतो, आणि काटा बरोबर असला तरी संशय जात नाही, कारण काटा कारखान्याचाच. म्हणून तर बाहेरच्या काट्यावर वजन करून आणू द्या अशी मागणी होते, वजनमापे खात्यानं अचानक येऊन तपासावं असा आग्रह धरला जातो. मानवाधिकार आयोग हाही एक काटाच. सरकार माणसांशी कसं वागतं ते तो तोलतो आणि तो उभा केलेला असतो सरकारनं. त्याची तपासणी बाहेरून व्हायला हवी, आणि दुसऱ्या देशाचं सरकार ती करायला लागलं तर राजकारण शिरेल. म्हणून ती दुसऱ्या देशांच्या आयोगांकडे दिलेली आहे.

दर्जाचा व्यवहारात फरक पडतो. 'ए' दर्जाचा आयोग संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत सरकारपासून वेगळा, स्वतःच्या नावानं बोलू शकतो. देशाच्या मानवाधिकार स्थितीचा परिषदेत ठरावीक काळानं आढावा होतो, त्यात सरकारचं म्हणणं झालं की लगेच त्याला बोलायची संधी असते. जागतिक आघाडीत त्याला मत असतं. 'बी' दर्जाचा आयोग बैठकांना बसतो, पण मत देत नाही आणि परिषदेत त्याला तसं स्वतंत्र स्थान नसतं.

भारताचं घोडं कुठे अडलं

आपल्या आयोगाला १९९९ मध्ये 'ए' मिळाला, पुढे २००६ आणि २०११ मध्ये तो टिकला. २०१६ मध्ये निर्णय वर्षभर लांबला, २०१७ मध्ये पुन्हा 'ए' आला. २०२३ मध्ये निर्णय परत पुढे ढकलला गेला, २०२४ मध्ये आणखी एकदा, आणि २०२५ मध्ये उपसमितीनं थेट 'बी'ची शिफारस केली. नियम असा की अशी शिफारस झाल्यावर आयोगाला पुरावे सादर करायला एक वर्ष मिळतं आणि तोवर 'ए' कायम राहतो.

उपसमितीचे आक्षेप नवे नाहीत, वर्षानुवर्षे तेच आहेत. आयोगाकडच्या तक्रारींत पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा मोठा वाटा असतो आणि त्यांची चौकशी करणारा आयोगाचा तपास विभाग पोलीस दलातून पाठवलेल्या अधिकाऱ्यांचा. कोठडीत मार खाल्लेला माणूस दुसऱ्या पोलीस अधिकाऱ्यापुढे मोकळेपणानं बोलेल का? आयोगाचा सर्वोच्च प्रशासकीय अधिकारी असलेला महासचिव सरकार देतं. सदस्यांमध्ये समाजाची विविधता पुरेशी दिसत नाही, बायकांची संख्या कमी. स्वयंसेवी संस्था आणि हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांशी आयोगाचं नातं ढिलं झालं आहे, हाही एक आक्षेप.

यातली महासचिव आणि पोलिसांची बाब आयोगाच्या मर्जीवर नाही. कायद्याच्या अकराव्या कलमातच लिहिलं आहे की केंद्र सरकारनं आयोगाला सचिव दर्जाचा महासचिव आणि पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालचा तपास विभाग द्यावा. म्हणजे जिनिव्हाचा शेरा पत्त्यानं आयोगाला आला असला तरी त्याचं खरं उत्तर संसदेनं द्यायचं आहे. २०१९ मध्ये संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली होती. सदस्यांमध्ये किमान एक स्त्री हवी असं त्यात आलं, हे चांगलं झालं. पण अध्यक्ष आणि सदस्यांची मुदत पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आली आणि अकरावं कलम जसंच्या तसं राहिलं. माझ्या मते मोठी संधी तिथं वाया गेली.

"हा परकीय हस्तक्षेप नाही का?"

हा आक्षेप मनापासून घेणारे लोक मला भेटतात आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बाहेरच्यांनी येऊन शिकवावं हे कुणालाच रुचत नाही. पण हे 'बाहेर' नेमकं कोणतं ते पाहावं.

दर्जा देणारी आघाडी सरकारांची नाही, आयोगांची आहे आणि आपला आयोग तिचा जुना सदस्य आहे. आशिया-पॅसिफिक विभागाचा मंच १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये स्थापन झाला, तेव्हा संस्थापक चार होते: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंडोनेशिया आणि भारत. याच मंचाची वार्षिक सभा सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत भरली आणि राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी परिषदेचं उद्घाटन केलं. आशिया-आफ्रिकेतल्या आयोगांच्या लोकांना आपला आयोग प्रशिक्षणही देतो. नियम करणाऱ्यांत आपण होतो. आता तोच नियम आपल्याला लागू झाला म्हणून तो परका ठरत नाही.

हे पाश्चिमात्यांचं हत्यार आहे असंही म्हटलं जातं. पण अमेरिकेकडे या मापात बसणारा राष्ट्रीय आयोग आजवर नाहीच. जपान आणि इटलीकडेही नाही. उलट मोजमापाचा उपयोग करून सावरलेलं उदाहरण आपल्या शेजारी आहे. नेमणुकांची घटनात्मक पद्धत डावलली गेली म्हणून श्रीलंकेचा आयोग २००७ मध्ये 'बी'वर आला. पुढे नेमणुका पुन्हा घटना परिषदेमार्फत होऊ लागल्या आणि २०१८ मध्ये त्याला 'ए' परत मिळाला. अकरा वर्षं लागली. 'बी'चा शिक्का कायमचा नसतो, पण नेमणुकांची पद्धत सुधारल्याशिवाय तो पुसलाही जात नाही.

आयोगच आयोगांना तपासतात, मग ते एकमेकांना सांभाळून घेणार नाहीत का? धोका आहे. तो कमी व्हावा म्हणून उपसमितीच्या कामाची सचिवालयीन बाजू संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय सांभाळतं, आणि ज्या देशाचा आयोग तपासायचा आहे तिथल्या स्वयंसेवी संस्थांना आपलं म्हणणं लेखी मांडता येतं. म्हणजे सीमाभागातली एखादी संघटनाही भारताच्या तपासणीच्या वेळी आपला अनुभव कळवू शकते. ही वाट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

साखरेची एक गोष्ट, कंबोडियातली

शेजारच्या देशात आयोगच नसेल तर काय, याचं उत्तर थायलंडच्या आयोगानं दिलं आणि ते साखरेच्याच प्रकरणात. कंबोडियाच्या कोह काँग प्रांतात उसाच्या मळ्यांसाठी जमिनी दिल्या गेल्या आणि शेकडो कुटुंबांनी आपली शेतं हिरावली गेल्याची तक्रार केली. उद्योगामागे थाई साखर कंपनी होती. कंबोडियात दाद मागायला पॅरिस तत्त्वांत बसणारा आयोग नव्हता. मग २०१० मध्ये गावकऱ्यांची तक्रार बँकॉकच्या आयोगाकडे गेली. घटना परदेशातली असली तरी कंपनी आपल्या देशाची आहे, म्हणून आपण चौकशी करू शकतो, अशी भूमिका थाई आयोगानं घेतली आणि २०१५ मध्ये अहवाल दिला. त्या अहवालात गावकऱ्यांचे हक्क डावलले गेल्याचं आणि त्याची जबाबदारी कंपनीवरही येत असल्याचं म्हटलं होतं.

फिलिपिन्सच्या आयोगानं याहून लांबची मजल मारली. २०१३ च्या हैयान वादळानंतर, २०१५ मध्ये, वादळग्रस्तांनी आणि संघटनांनी त्याच्याकडे अर्ज केला की हवामान बिघडवण्यात जगातल्या ४७ मोठ्या तेल, कोळसा आणि सिमेंट कंपन्यांचा वाटा आहे, त्यांची चौकशी करा. आयोगानं मनिलाबरोबरच २०१८ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन इथंही सुनावण्या घेतल्या. २०२२ मध्ये अहवाल आला. दंड झाला नाही, होणारही नव्हता. पण साक्षी नोंदल्या गेल्या, शास्त्रज्ञांचं म्हणणं एका सरकारी संस्थेच्या दप्तरात गेलं आणि ते आता इतर देशांच्या न्यायालयांतही पुढे ठेवता येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या पुरात ज्यांची घरं गेली त्यांना अशा दप्तराचं मोल पटेल. त्याच वेळी कोल्हापूर-सांगलीही पाण्यात होतं, आणि धरणातलं पाणी कुणी कधी सोडलं यावर दोन्ही राज्ये एकमेकांकडे बोट दाखवत होती.

आयर्लंडची हद्द

आपल्यासारखा प्रदेश शोधायचा तर तो आयर्लंडमध्ये सापडतो. आयर्लंड प्रजासत्ताक आणि ब्रिटनमधला उत्तर आयर्लंड यांच्यात सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे. लोक रोज कामाला, शाळेला, दवाखान्याला ती ओलांडतात. प्रजासत्ताकातल्या डोनेगल परगण्यातले कर्करोगाचे रुग्ण पलीकडच्या डेरीच्या इस्पितळात उपचार घेतात. चंदगड, गडहिंग्लजचे रुग्ण बेळगावला येतात, तसंच.

तिथं वाद कडवा होता आणि त्यात हजारो माणसं गेली. १९९८ मध्ये बेलफास्टला झालेल्या करारात सीमेचा प्रश्न कायमचा सोडवण्याची वाट न पाहता एक कलम घातलं गेलं: उत्तरेचा आणि दक्षिणेचा मानवाधिकार आयोग मिळून एक संयुक्त समिती स्थापतील आणि साऱ्या बेटावरच्या हक्कांच्या प्रश्नांचा विचार करतील. सगळं सुरळीत झालं असं नाही. सबंध बेटासाठी हक्कांची एक सनद असावी असा सल्ला समितीनं २०११ मध्ये दिला, तो दोन्ही सरकारांनी अजून मनावर घेतलेला नाही. पण समिती टिकली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, हक्कांवर गदा येत नाही ना हे पाहायचं काम दोन्ही बाजूंच्या आयोगांकडे आलं, तेव्हा एकत्र बसायची सवय आधीच लागलेली होती. सीमा कोणाची यावर एकमत नसलेली माणसं सीमेवरच्या माणसाच्या तक्रारीवर एकत्र काम करत आहेत.

"मग सीमाप्रश्न जिनिव्हाला नेता येईल का?"

नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण याबाबत खोटी आशा दाखवणारे भेटतात. गाव कोणत्या राज्यात असावं हा वाद महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला आहे आणि तो तिथंच चालणार. मानवाधिकार आयोग, दिल्लीचा असो की जिनिव्हातली त्यांची आघाडी असो, राज्यांच्या सीमा आखत नाही.

भाषिक अल्पसंख्याक म्हणून मिळणारे हक्क मात्र वेगळे आहेत आणि ते सीमेच्या निकालावर अवलंबून नाहीत. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं २७वं कलम भाषिक अल्पसंख्याकांना आपली भाषा वापरण्याचा हक्क देतं, आणि भारत १९७९ पासून त्या करारात आहे. घटनेतली २९, ३० आणि ३५०-अ ही कलमं आहेत. भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेच्या ३५०-ब कलमाखाली स्वतंत्र आयुक्त असतात आणि त्यांचं एक विभागीय कार्यालय बेळगावातच होतं. शाळेत मराठी शिक्षक नाही, दवाखान्यात किंवा ठाण्यात मराठी माणसाचा जबाब त्याला न कळणाऱ्या भाषेत घेऊन सही करायला लावली, अशा तक्रारी तारीख, ठिकाण आणि अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह लिहिल्या तर त्या हक्कांच्या तक्रारी म्हणून उभ्या राहतात. 'आमच्यावर अन्याय होतो' एवढ्यावर आयोग काही करू शकत नाही.

बेंगळुरू, मुंबई, पणजी

देशादेशांतले आयोग जे करार करून करतात ते आपली तीन राज्ये कायद्यानं करायला बांधलेली नाहीत. राष्ट्रीय आयोग एखादी तक्रार राज्य आयोगाकडे पाठवू शकतो, तशी तरतूद आहे. पण एका राज्य आयोगानं दुसऱ्या राज्य आयोगाला तक्रार सोपवावी, दोघांनी मिळून चौकशी करावी, अशी तरतूद कायद्यात नाही. मुंबईला चुकून गेलेला अथणीचा अर्ज 'आमच्या कार्यक्षेत्रात नाही' या शेऱ्यानं परत येतो, आणि वर्षाच्या मुदतीतले दिवस त्या टपालात जातात.

दिल्लीच्या आयोगाकडे या तीन आयोगांची संयुक्त समिती मागायला हवी असं मला कळकळीनं वाटतं. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी ती बसावी. टोळ्या ज्या जिल्ह्यांतून निघतात आणि ज्या जिल्ह्यांत उतरतात त्या दोन्हीकडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून वेठबिगारीचे अहवाल तिनं एकत्र मागवावेत. चुकीच्या आयोगाकडे आलेला अर्ज परत न पाठवता योग्य आयोगाकडे जावा आणि मुदत पहिल्या तारखेपासून धरावी. तिसरी बाब पुराची. पाणी सोडण्याची सूचना खालच्या गावांना कधी आणि कोणत्या भाषेत मिळाली, हे दोन्ही राज्यांकडून एकाच वेळी विचारलं जावं. यातल्या अहवालाच्या आणि पुराच्या मागणीसाठी नवा कायदा लागत नाही, आयोगांनी आपले आजचे अधिकार एकत्र बसून वापरले तरी पुरे. मुदतीच्या मागणीसाठी मात्र संसदेला कायद्याच्या ३६व्या कलमात एक ओळ वाढवावी लागेल. अकरावं कलम दुरुस्त करायला घेतील तेव्हाच ती घालता येईल. हे मागणीपत्र मराठीत लिहिता येतं आणि कन्नडमध्येही, कारण दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीत आहेत. चिकोडी-अथणीकडच्या कानडी शेतमजुराचंही यात तेवढंच हित आहे, म्हणून पत्रावर त्याचीही सही घ्यावी.